बॅप्टिस्टची साखरबंदी

मटिल्डाला नवऱ्याचा आजार डॉक्टरच्या आधी मुंग्यांनी सांगितला.

पापडी गावातल्या त्यांच्या वाडीत, घरामागे दगडांचा एक गडगा होता. बॅप्टिस्ट लघवीला त्या गडग्यापाशीच जाई. घराण्याची रीतच होती ती. बाप तिथेच जायचा, आजाही तिथेच जायचा. पण बापाच्या किंवा आजाच्या मागे कधी मुंग्यांची रांग लागली नव्हती. एकावन्न सालच्या पावसाळ्यानंतर बॅप्टिस्टच्या मागे ती लागली. तो परत फिरायचा अवकाश, की लग्नाच्या पंगतीला निघाल्यासारख्या मुंग्या एकामागून एक तिकडे चालू लागत.

मटिल्डाने चार दिवस झाडून पाहिलं, राख टाकून पाहिली आणि मग नवऱ्याला सांगितलं, "आयकलं का, गडग्याकडं मुंग्या लागल्यात."

"लागू दे," बॅप्टिस्ट म्हणाला. "मुंग्या काय फक्त राजाच्याच घरी लागतात?"

बॅप्टिस्टचं बोलणं असं असे. सहा फूट उंच, नगाऱ्यासारखं पोट, आणि आवाज असा की त्याने वाडीतून बैलाला हाक मारली तर शेजारच्या वाडीतला बैल थांबे. त्याला कोणी काही शिकवलेलं खपत नसे. देवाने सहा दिवसांत जग केलं हे त्याला मान्य होतं, पण केळीला पाणी कधी द्यावं हे देवाने आपल्याला विचारायला हवं होतं, असं त्याचं मत होतं.

पुढे तहान लागू लागली. सकाळी भरलेली कळशी दुपारी रिकामी. पोट उतरलं, गालफडं बसली. तेव्हा मात्र घाबरून तो वसईला डॉक्टरकडे गेला. डॉक्टरने नळीत निळं पाणी घेतलं, त्यात बॅप्टिस्टच्या लघवीचे आठ थेंब टाकले आणि नळी दिव्यावर धरली. निळं पाणी हिरवं झालं, पिवळं झालं, आणि शेवटी भाजलेल्या विटेसारखं लालभडक.

"मधुमेह," डॉक्टर म्हणाले. "साखर, गूळ, मिठाई बंद. भात निम्मा. आणि पायांना जपा. या रोगात पायाला साधी जखम झाली तर ती आत शिरते आणि पाय घेऊनच बाहेर पडते. तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला या."

"फळं?" बॅप्टिस्टने विचारलं.

"बेतानं."

बॅप्टिस्ट घरी आला तो आपल्या पायांकडे बघत. त्याला मरणाची भीती नव्हती. भीती होती ती पायाची. त्याला एकच मुलगी, रोझलिन. ती पाळण्यात असताना त्याने सगळ्या नातलगांसमोर सांगून ठेवलं होतं, की हिच्या लग्नाला हिला हाताशी धरून घरापासून देवळापर्यंत मी चालत नेणार, पुढे बँड, मागे सगळी पापडी. बॅप्टिस्टच्या बहिणीच्या लग्नात त्याचा बाप पिऊन वाटेत पडला होता, आणि बहिणीला शेजाऱ्याने देवळात नेलं होतं. लोक ती गोष्ट अजून सांगत. बॅप्टिस्टला ती पुसायची होती. त्यासाठी दोन पाय लागणार होते.

ओटीवर पाय ठेवताच तो आत गेला, फडताळातला साखरेचा डबा काढला, आणि मागच्या केळीच्या बुंध्याशी उपडा केला.

मटिल्डा बघत राहिली. त्या डब्यात काय होतं हे तिलाच माहीत. पहाटेपासून ती रहाटाच्या मागे असे. पाणी, भाजीच्या टोपल्या, बैल, चूल, पुन्हा पाणी. दिवसभरात तिची स्वतःची अशी एकच वेळ होती. देवळातली सकाळची मिस, म्हणजे प्रार्थना, आटोपून आल्यावर ती मागच्या पायरीवर बसे आणि एक कप चहा पिई. त्यात तीन चमचे साखर. लढाईच्या वर्षांत रेशनवर साखर चिमटीने मिळायची, तेव्हा ती बोट बुडवून चाटावं तशी साखर टाकायची आणि सांगायची, "लढाई संपू दे, मंग बघा." लढाई संपली, राज्य बदललं, आता कुठे डबा भरला होता. तो केळीने प्यायला.

"मला रोग नाय," ती हळूच म्हणाली.

"घरात साखर राहिली तर माझा हात जाईल तिच्यावर. म्हनून कुनीच खायची नाय. तू नाय, रोझलिन नाय, पाव्हने नाय. समजलं?"

समजलं. बॅप्टिस्टच्या घरात न समजण्याची सोय नव्हती.

झालं, साखरबंदी सुरू झाली. मुंबई सरकारने दारूबंदी केली तेव्हा निदान चोरून प्यायची वाट राहिली होती. बॅप्टिस्टच्या राज्यात तीही नव्हती. तो डबे हुंगायचा. रोझलिनच्या पेटीतून एकदा लिमलेटच्या दोन गोळ्या निघाल्या, तेव्हा त्याने त्या अंगणात दगडाने ठेचल्या, आणि एकोणीस वर्षांच्या त्या मुलीला सगळ्या वाडीदेखत विचारलं, "बापाचा पाय पायजे का गोळी पायजे?" नाताळात करंज्यांसारख्या गोड नेवऱ्या करायच्या, त्या झाल्या मिठाच्या. आलेली माणसं एक तुकडा तोंडात टाकत, डोळे मिटत, आणि येशूने आपल्यासाठी काय काय सोसलं याची त्यांना मनापासून आठवण होई.

पाहुण्यांना बिनसाखरेचा काळा कडू चहा मिळे, आणि चहाबरोबर आरोग्यावर व्याख्यान. शेजारची इनेझ तोंडाने फटकळ, पण मनाने त्याहून फटकळ. तीसुद्धा या घरी येताना लुगड्याच्या ओच्यात गुळाचा खडा बांधून आणू लागली. चहाचा घोट घ्यायची, खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवायची आणि खडा चावायची. एकदा तिने मटिल्डालाही मागल्या दारी खडा पुढे केला.

"घे गो, बाय. मेलेल्याच्या जिभेवर पन एवढं कडू कोन ठेवत नाय."

मटिल्डाने घेतला नाही. "ते हुंगतात," ती म्हणाली.

"तोंड?"

"तोंड."

इनेझने खडा पुन्हा ओच्यात बांधला.

गावात मात्र बॅप्टिस्टचं नाव झालं. उपवासाच्या चाळीस दिवसांत फादरांनी प्रवचनात सांगितलं, की आपल्यातल्याच एका माणसाने वर्षभर साखरेचा कण जिभेला लावला नाही, आणि आपल्याला चाळीस दिवस मटण सोडवत नाही. सगळं देऊळ वळून बॅप्टिस्टकडे बघू लागलं. बॅप्टिस्टने मान खाली घातली, पण इतकीच, की चेहरा सगळ्यांना दिसावा. त्या दिवसापासून तो डॉक्टरकडे जायचा थांबला असं म्हणता येणार नाही, कारण पहिल्या खेपेनंतर तो गेलाच नव्हता. ज्याची परीक्षा फादरांनी देवळात घेतली, त्याने पुन्हा नळी कशाला दाखवायची?

आता बॅप्टिस्ट काय खात होता ते सांगायला हवं.

त्याच्या वाडीत राजेळी केळी होती, आणि पापडीत त्याच्यासारखी सुकेळी कोणाला जमत नसत. पिकलेली केळी सोलायची, मांडवावर गवत पसरून उन्हात घालायची, रोज उलटायची, संध्याकाळी टोपलीत झाकायची. सात-आठ दिवसांत केळं बोटाएवढं होतं, काळपट तांबडं, आणि त्याच्या अंगातून मधासारखा पाक सुटून वर चमकतो. मग सोपात, म्हणजे केळीच्या वाळक्या पानात, बांधायची. साखरेचा दाणा नाही, तुपाचा थेंब नाही. फक्त देवाचं ऊन.

आणि फळ बेतानं खायला डॉक्टरने सांगितलं होतं. बॅप्टिस्ट बेतानं खाई. सकाळी चार सुकेळी, दुपारी जेवणावर दोन, संध्याकाळी चार. दहा म्हणजे दहा. अकरावं कधी नाही. निग्रहाचा माणूस.

त्यात सरकारची भर. ताडी गेली आणि नीरा आली. स्टेशनाजवळच्या केंद्रावर पाटी होती, की नीरा पौष्टिक आहे, नीरा आरोग्यदायी आहे. ज्या झाडाची ताडी पिऊन बाप रस्त्यात पडला, त्याच झाडाचा ताजा रस सरकार स्वतः पाजतंय म्हटल्यावर बॅप्टिस्टला आपल्या घराण्याचं पाप फिटल्यासारखं वाटलं. रोज सकाळी दोन मोठे पेले. "अमृत हाय," तो म्हणे. "गोड किती बघ, आनि साखर कुठं?"

मटिल्डा तेव्हा गडग्याकडे बघे. मुंग्या होत्या. साखर बंद होऊन वर्ष झालं, दीड वर्ष झालं, मुंग्या कमी व्हायचं नाव घेत नव्हत्या. उलट आता त्यांनी तिथेच घर केलं होतं.

"मुंग्या अजून येतात," ती एकदा म्हणाली.

"जुन्या सवयीनं येतात."

मटिल्डा तिसरीपर्यंत शिकलेली, तिसरीतही नापास. पण तिला डोळे होते. सुकेळ्यांची टोपली मांडवाखाली एका तिवईवर असे, तिवईच्या पायांना मटिल्डा पाण्याच्या वाट्या लावत असे. एक दिवस वाटी कोरडी पडली. मुंग्यांची एक रांग गडग्याकडून निघाली होती आणि टोपलीवर चढत होती. तीच रांग, त्याच मुंग्या. मटिल्डा बराच वेळ उकिडवी बसून त्या रांगेकडे बघत राहिली. डॉक्टरला जे निळ्या पाण्यात दिसलं, ते तिला तिथे दिसलं.

चूक तिची एवढीच झाली, की ती हे चारचौघांत बोलली. रविवार होता, मिस सुटून सात-आठ माणसं ओटीवर बसली होती, बॅप्टिस्टचा धाकटा भाऊ बर्नार्ड होता, इनेझ होती. बॅप्टिस्ट चौथं सुकेळं तोंडात टाकत होता.

"मला वाटतं," मटिल्डा म्हणाली, "या सुकेळ्यांतच हाय ती साखर. मुंग्यांना कळतं."

मग बॅप्टिस्ट हसला. असा हसला, की सुकेळं घशात अडकून त्याला पाणी द्यावं लागलं.

"आयकलं काय! तिसरी नापास बाय डॉक्टरला शिकवते! अगो, देवानं झाडाला लावलेली गोडी वेगळी आनि कारखान्यातली वेगळी. आनि मास्तर कोन केले? मुंग्या! उद्या सर्दी झाली की झुरळाला नाडी दाखवू!"

ओटी हसली. बर्नार्ड हसला, इनेझसुद्धा हसली, गुळाच्या खड्यासकट. कोणीतरी म्हणालं, "डॉक्टरीणबाय, माझा गुडघा दुखतो, तुमच्या मुंग्यांना विचारा ना." आणि मटिल्डाचं नाव पडलं. बाजारात डॉक्टरीणबाय, विहिरीवर डॉक्टरीणबाय. नवीन लग्न होऊन आलेल्या मुलींना तर तिचं खरं नावही माहीत नव्हतं.

त्यानंतर मटिल्डा त्या विषयावर बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून सकाळी ती टोपलीत हात घालून सगळ्यांत जाड, सगळ्यांत पाकाळलेली चार सुकेळी निवडायची आणि नवऱ्याच्या ताटलीत नीट ओळीने मांडायची. ते प्रेम होतं की दुसरं काही, हे तिला कोणी विचारलं नाही, आणि तिनेही स्वतःला विचारलं नाही.

चोपन्न साली रोझलिनचं लग्न ठरलं. मुलगा चांगला, शाळेत मास्तर. लग्न मे महिन्यात. बॅप्टिस्टने वसईच्या मोच्याकडून बूट शिवून घेतले, तांबूस रंगाचे, टाचेला लोखंडी नाल. जन्मभर अनवाणी हिंडलेला माणूस तो. देवळात जाताना तेवढ्या वहाणा. म्हणून लग्नाआधी दोन महिने तो बुटांची सवय करू लागला. सकाळी नीरा आणि सुकेळी झाली की बूट चढवायचा आणि केळींच्या रांगांमधून छाती काढून चालायचा, उजवा हात असा अर्धवट वाकवून, जणू त्यात रोझलिनचा हात आहे. वाटेतल्या केळी त्याला बघून वाकत नसत एवढंच. घरापासून गडग्यापर्यंत, गडग्यापासून विहिरीपर्यंत. रोझलिन खिडकीतून बघून हसे, आणि मग तिचे डोळे भरून येत.

"चावतात का?" बर्नार्डने विचारलं.

"छे! बूट असा पायजे, की पायात हाय का नाय ते कळू नये. आठ दिवस चालतोय, काहीच कळत नाय."

काहीच कळत नव्हतं हे खरं होतं. नवव्या दिवशी मटिल्डा मोजे धुवायला घेऊन बसली, तर डाव्या मोज्याची टाच वाळून पापडासारखी कडक झाली होती. पाण्यात टाकली तेव्हा पाणी लाल झालं. तिने बुटात हात घातला. टाचेत मोच्याचा एक खिळा वर आला होता, चांगला पाव बोट. बॅप्टिस्ट आठ दिवस त्या खिळ्यावर आपल्या मुलीला देवळात नेत होता.

पाय वर करून पाहिला. टाचेत भोक, भोकाभोवती पांढरं, त्याभोवती निळं.

"दुखत नाय?"

"नाय," बॅप्टिस्ट म्हणाला, आणि पहिल्यांदा त्याचा आवाज लहान निघाला. डॉक्टर पायाबद्दल काय म्हणाले होते ते दोघांनाही त्याच वेळी आठवलं.

डॉक्टरकडे जावं, तर तीन महिन्यांनी बोलावलेलं, आणि आता तीन वर्षं होत आलेली. मानी माणसाला तेवढं तोंड कुठलं? हळद भरली. इनेझने पाला वाटून आणला. आठवड्याने वास यायला लागला. आणि एका सकाळी मटिल्डा उठली, तर मुंग्यांची रांग गडग्याकडे चालली नव्हती. ती मागच्या दारातून आत आली होती, भिंतीकडेने खाटेपाशी, खाटेच्या पायावरून वर, आणि थेट फडक्यात बांधलेल्या टाचेपर्यंत.

बॅप्टिस्ट जागाच होता. उशीवरून मान उचलून तो त्यांच्याकडे बघत होता. त्याला त्या चावल्याचंही कळत नव्हतं.

त्याच दिवशी बर्नार्डने त्याला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेलं. मटिल्डा बरोबर होती. आणि बॅप्टिस्टच्या पिशवीत, सोपात बांधलेली, दोन डझन शेलकी सुकेळी होती. मोठ्या डॉक्टरकडे रिकाम्या हाताने जायचं नाही, ही पापडीची रीत.

डॉक्टर तरुण होता, भला होता. त्याने पाय पाहिला, पायाखाली एक टाचणी टोचली. बॅप्टिस्ट छताकडे बघत होता. डॉक्टरने टाचणी ठेवून दिली.

"मधुमेह कधीपासून?"

"तीन वर्सं. पन साहेब, तीन वर्सांत साखरेचा दाना नाय. घरात कुनालाच नाय. विचारा हिला. फादरनी देवळात सांगितलंय."

"शाबास. मग खाता काय?"

एवढीच वाट बॅप्टिस्ट पाहत होता. त्याने पिशवी उघडली, पान सोडलं आणि तीन वर्षांचं पुण्य डॉक्टरपुढे ठेवलं. "हे खातो. घ्या साहेब, घरचं हाय. औषध हाय ते."

डॉक्टरने एक तोंडात टाकलं. चावलं. त्याचा चेहरा खुलला. "वा! काय गोड आहे हो. हे रोज किती?"

"दहा. बेतानं. आनि सकाळी दोन पेले नीरा."

डॉक्टरचं चावणं थांबलं. सुकेळं तसंच गालात ठेवून तो बॅप्टिस्टकडे बघत राहिला, मग बाजूच्या भांड्यात थुंकला.

"काका," तो म्हणाला, "तुम्ही घरातल्या सगळ्यांची साखर बंद केलीत, आणि सगळ्यांच्या वाटणीची एकट्याने खाल्लीत."

मग तो मटिल्डाकडे वळला. जरा चिडूनच. "बाई, रोज ताटात तुम्हीच वाढत होतात ना? तीन वर्षांत तुमच्या एकदाही लक्षात आलं नाही?"

बॅप्टिस्टने मान वळवून बायकोकडे पाहिलं.

"आलं होतं," मटिल्डा म्हणाली.

"मग बोलला का नाहीत?"

"एकदा बोलले, डॉक्टर. मंग गप बसले. मी तिसरी नापास हाय."

पाय गुडघ्याखाली कापला.

मे महिन्यात रोझलिनचं लग्न झालं. बँड होता, मागे सगळी पापडी होती. रोझलिनचा हात बर्नार्डच्या हातात होता. बॅप्टिस्ट देवळाच्या दाराशी खुर्चीवर बसून होता, त्याला आधीच बैलगाडीतून आणून ठेवलं होतं. उजव्या पायात नवा बूट, चकचकीत पुसलेला. त्याचाच हट्ट. लोक आदराने त्याच्याजवळून जात आणि चार पावलं पुढे गेल्यावर बोलत.

"बापाला निदान दोन पाय होते पडायला."

"डावा बूट बर्नार्डला दे म्हनावं. नेतोय तोच."

वऱ्हाड दारात आलं तेव्हा रोझलिन थांबली. बॅप्टिस्टने खुर्चीच्या दोन्ही हातांवर जोर दिला, अर्धा वर उठला. आयुष्यभराच्या सवयीने त्याने पुढे टाकला तो डावा पाय. तो तिथे नव्हता. बर्नार्डने एका हाताने त्याला धरलं, पण मोठा माणूस तो, घसरलाच. पाळण्यातल्या मुलीसमोर घेतलेली शपथ अशी देवळाच्या पायरीवर येऊन बसली, आणि पापडीला बापाच्या गोष्टीला जोडायला मुलाची गोष्ट मिळाली. दोघांत तेवढाच फरक, की मुलगा प्यायलेला नव्हता.

लग्नाच्या चौथ्या दिवशी घर रिकामं झालं. मटिल्डा सकाळची मिस करून आली. येताना तिने दुकानातून काहीतरी आणलं होतं. चूल पेटवून तिने चहा केला, एक कप, आणि मागच्या पायरीवर येऊन बसली. बॅप्टिस्टची खुर्ची तिथेच उन्हाला ठेवलेली होती. आता त्याला रोज सुई होती, मोजून भाकरी होती, पालेभाजी होती. गडग्यापाशी जायचं बंद झालं होतं, आणि खाटेखालच्या भांड्याकडेही मुंग्या येत नव्हत्या.

मटिल्डाने कागदाची पुडी सोडली. एक चमचा. दुसरा. तिसरा. मग ती ढवळत राहिली. चमचा कपाला लागून किणकिणत होता. बॅप्टिस्ट ऐकत होता.

"साखर हाय?" त्याने विचारलं.

"हाय."

"बरं झालं," तो म्हणाला. "तुला आवडते." आणि मग, लहान मुलासारखा, "एक घोट?"

मटिल्डाने कप स्वतःच्या ओठाला लावला. तीन वर्षांत जिभेची गोडाची सवय मोडून गेली होती. चहा पाकासारखा घशात चिकटला. तरी ती प्यायली. नवऱ्याकडे तोंड करून, सावकाश, तळाला राहिलेल्या साखरेसकट सगळा प्यायली. रिकामा कप तिने पायरीवर ठेवला, आणि दोघंही समोरच्या केळींकडे बघत बसली.

काही वेळाने बॅप्टिस्ट कपाकडे वाकून बघत म्हणाला, "मटिल्डा, मुंग्या लागल्या."

"लागू दे," ती म्हणाली.